प्लग कधी बदललाय, सांगता येईल?

गॅसचा सिलिंडर कधी लावला, ते आपल्याला तारखेसकट आठवतं. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर लिहिलेले असतात. पण दारातल्या स्कूटरचा स्पार्क प्लग शेवटचा कधी बदलला, असं विचारलं की उत्तर येतं, 'ते ह्यांना विचारा!'

तालुक्याच्या गावातही आता शिक्षिका, नर्स, अंगणवाडीताई, बचत गटाच्या कामाला फिरणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हाती गाडी आहे. पेट्रोल आपण भरतो, पंक्चर काढून घेतो. मात्र इंजिन हे अजून पुरुषांचंच खातं! संध्याकाळी दोन गावांच्या मध्ये गाडी बंद पडली, तर रस्त्यात उभी राहणारी मात्र आपणच असतो. म्हणून हे खातं आपण आपल्याकडे घ्यावं आणि सुरुवात प्लगपासून करावी, असं मला वाटतं. वस्तू लहान, स्वस्त आणि कळायला सोपी.

शेगडीला जसा लायटर, तसा इंजिनाला प्लग. त्याच्या ठिणगीनं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं. स्कूटरला बहुधा एकच प्लग असतो, पेट्रोलच्या चारचाकीला तीन किंवा चार. वापरानं टोक झिजतं, काजळी धरतं. मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, चालताना 'मिस' मारते, पेट्रोलही जास्त खाते.

बदलायचा कधी? गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात. बऱ्याच स्कूटरना दहा-बारा हजारांच्या आसपास नवा प्लग लागतो. चारचाकीचे साधे प्लग त्याहून जास्त टिकतात, इरिडियमचे काही तर लाखभर किलोमीटर. नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्यावा.

काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करायचं. आधी प्लगभोवतीची धूळ पुसायची, म्हणजे ती आत पडत नाही. वायर न ओढता कॅप धरून काढायची. प्लगच्या पान्यानं जुना प्लग सोडवायचा. नवा आधी हातानंच फिरवून बसवायचा, शेवटी पान्यानं बेतानं आवळायचा. सुरुवातीलाच पाना लावून जोर केला तर आटे जातात आणि मग खर्च मोठा!

कुणी म्हणेल, मेकॅनिक कशाला आहे मग? खरंच आहे. ब्लाऊज आपण शिंप्याकडेच टाकतो, पण माप आपल्याला ठाऊक असतंच ना? काम त्याच्याकडून करून घ्या, पण समोर उभ्या राहा आणि जुना प्लग परत मागा. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलाय का, ते विचारा. तेलकट ओला असेल तर इंजिनात ऑइल जळतंय का, ते बघायला सांगा. असे दोन प्रश्न विचारणाऱ्या बाईला 'साहेबांना पाठवून द्या' असं सहसा कुणी म्हणत नाही. बिलात न बदललेला प्लगही लागत नाही.

मैत्रिणींनो, आजच गाडीची पुस्तिका शोधा. पुढच्या वेळी प्लग बदलला की त्या दिवशीचे किलोमीटर कॅलेंडरवर लिहा, सिलिंडरच्या तारखेच्या शेजारीच!