चालते संगणक भंगारात काढणे थांबवा!

विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि अधिसभा सदस्य यांना जाहीर आवाहन

आपल्या आवारातल्या संगणक प्रयोगशाळांबाहेर, व्हरांड्यात, सीपीयू एकावर एक रचून ठेवले आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला जुना डेडस्टॉक क्रमांक आहे आणि शेजारी ‘निर्लेखन’ अशी नवी चिठ्ठी. त्यातला कोणताही उचला, वीज जोडा. पंखा फिरतो, पडदा उजळतो, प्रोग्रॅम चालतो. बिघाड एवढाच की विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि विंडोज 11 या यंत्रांवर बसत नाही. शुल्क वाढते, ग्रंथालयाची खरेदी आटते, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे मानधन रखडते, हे आपण सगळे भोगतोच. ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. हे पत्रक एकाच गोष्टीविरुद्ध आहे. विकणाऱ्याने सॉफ्टवेअरची मुदत संपवली की आपण आपले धडधाकट यंत्र मोडीत काढायचे, ही आपल्या प्रशासनाला जडलेली खोड.

ही यंत्रे नापास कशात झाली तेही पाहा. विंडोज 11 ला किमान 4 जीबी मेमरी लागते. चिठ्ठी चिकटवलेल्या यंत्रांत 8 जीबी आहे, काहींत 16. ती अडली आहेत टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या अटीवर आणि प्रोसेसरच्या ठरावीक यादीवर. इंटेलचे प्रोसेसर घेतले, तर मोजके अपवाद सोडून ही यादी आठव्या पिढीपासून, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धात बाजारात येऊ लागलेल्या प्रोसेसरपासून सुरू होते. सातव्या पिढीचे आय-5 यंत्र कालपर्यंत प्रात्यक्षिक परीक्षा पार पाडत होते. आज ते कागदोपत्री मृत आहे. या यंत्रांवर आपले विद्यार्थी करतात काय? सी आणि पायथनचे प्रोग्रॅम, डेटाबेसची प्रात्यक्षिके, संख्याशास्त्राची गणिते, मराठीत प्रकल्पाचे टंकलेखन. यातले सगळे लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर चालते. लिनक्स मिंटची किमान गरज 2 जीबी मेमरी आणि 20 जीबी जागा इतकीच आहे. त्याच्या 22 व्या मालिकेला 2029 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत आणि परवान्याची किंमत शून्य आहे. कौले फुटली म्हणून शहाणा माणूस घर पाडत नाही, कौले बदलतो. आपण मात्र घर पाडायला निघालो आहोत, तेही विद्यार्थ्यांच्या शुल्कातून.

हिशेब अवघड नाही. एक नवा डेस्कटॉप चाळीस हजारांना धरा. साठ यंत्रांच्या एका प्रयोगशाळेला चोवीस लाख रुपये लागतात. एवढे पैसे घालून विद्यार्थ्याला कालच्यापेक्षा एकही नवी गोष्ट शिकता येणार नाही. तोच प्रोग्रॅम, तेच उत्तर, तेच जर्नल. शिवाय नव्या खरेदीच्या निविदेत ठरावीक कंपनीची प्रणाली ‘प्री-लोडेड’ हवी अशी ओळ घातली की पुढच्या मुदतसमाप्तीची पायाभरणी आजच होते. केंद्र सरकारने 2015 साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. खरेदीत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार झालाच पाहिजे आणि तो डावलायचा असेल तर कारण दिले पाहिजे, असे त्याचे सूत्र आहे. ते आपल्यावर बंधनकारक नाही असे कोणी म्हणेल. मान्य. पण जिथे ज्ञान निर्माण होते असे आपण छातीठोकपणे सांगतो, त्या ठिकाणी कारण देण्याइतका विवेक कोणी बंधन घातल्यावरच यावा काय?

आता नेहमीच्या सबबी. ‘जुनी प्रणाली असुरक्षित आहे.’ शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच ती आजच पुसून टाकली पाहिजे. असुरक्षित आहे ती प्रणाली. यंत्राच्या माथी तो दोष मारणे ही आळशीपणाची पळवाट आहे. ‘शिक्षणसंस्थांना एका डॉलरमध्ये मुदतवाढ मिळते.’ मिळते, पहिल्या वर्षी, प्रत्येक यंत्रामागे. दुसऱ्या वर्षी दर दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, आणि मग दार बंद. म्हणजे तीन वर्षे पैसे भरून 2028 मध्ये आपण याच व्हरांड्यात उभे राहणार.

सर्वांत संताप आणणारी सबब म्हणजे ‘उद्योगात जे चालते तेच मुलांना शिकवले पाहिजे.’ मग खरोखर तेच शिकवा! जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ लिनक्सवर चालतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे अभ्यासणारे खगोलशास्त्रज्ञ मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात. विद्यार्थ्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. ज्या प्रणालीवर हे सगळे उभे आहे तिची कमांड लाइन न पाहता आपली मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि आम्ही म्हणे त्यांना उद्योगासाठी तयार करतो! मेनू कुठे आहे हे पाठ करून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे. पुढच्या आवृत्तीत मेनू हलतो आणि पाठांतर वाया जाते. ज्या सॉफ्टवेअरची आज्ञावली उघडून वाचता येते, बदलता येते, मोडून पुन्हा जोडता येते, तेच विद्यापीठाला शोभते. झाकण न उघडता यंत्र शिकवायचे असेल तर त्याला प्रयोगशाळा म्हणू नका.

‘बिघडले तर फोन कोणाला करायचा?’ हाही प्रश्न हमखास येतो. आज कोणाला करता? प्रयोगशाळा सहायकालाच ना? तोच येतो, फॉरमॅट मारतो आणि यंत्र सुरू करून देतो. त्याला महिनाभराचे रीतसर प्रशिक्षण द्या, साठ यंत्रे तो सांभाळेल. शिकायचे साहित्य परदेशातून आणायचे नाही. पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅब, आर, पायथन, ओपनफोम अशा साधनांचा महाविद्यालयांत प्रसार करतो, तोही केंद्र सरकारच्या निधीतून, म्हणजे आपल्याच करातून. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे धडे मराठीत आहेत. लिब्रेऑफिसचे मेनूही मराठीत दिसतात. केरळच्या शाळांतले दोन लाखांवर संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि तिथली आठवी-नववीची मुले ते सहज हाताळतात. केरळच्या शाळकरी मुलाला जमते ते महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विभागाला झेपत नाही, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते सहीनिशी लेखी द्यावे.

काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत, हे आम्ही लपवत नाही. अभियांत्रिकी आराखड्यांची काही साधने आहेत, हिशेबाची आहेत, काही उपकरणांचे चालक आहेत. त्यांच्यासाठी लागतील तेवढीच यंत्रे वेगळी ठेवा आणि त्यांचे परवाने रीतसर घ्या. पाच यंत्रांची गरज दाखवून साठ यंत्रांचा बळी देऊ नका, एवढेच म्हणणे आहे.

आमच्या मागण्या चार आहेत. केवळ प्रणालीची मुदत संपली या कारणाने एकही यंत्र निर्लेखित होऊ नये. प्रत्येक यंत्र आधी लिनक्सवर चालवून पाहावे आणि तो शेरा निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडावा. संगणक खरेदीच्या निविदेतून प्रणालीचे नाव वगळावे. आणि अभ्यासक्रमात साधनाचे नाव घालायचेच असेल तर मुक्तस्रोत पर्याय शेजारी छापावा, त्यावर केलेले प्रात्यक्षिक परीक्षकाने नाकारू नये.

अधिसभा सदस्यांनी हा प्रश्न पुढच्याच बैठकीत विचारावा. बाकीच्यांनी त्यांची वाट पाहत बसू नये. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. निर्लेखनाची यादी मागा, प्रत्येक यंत्राचे खरेदीवर्ष मागा, ते मोडीत काढण्याचे लेखी कारण मागा. पैसा आपला आहे, यंत्र आपले आहे. ते कधी संपले हे विकणाऱ्याच्या तारखेवरून ठरू देऊ नका.