क्रेडिट कार्डाची थकबाकी: धाक आणि अधिकार

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीविषयी दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी रूढ आहेत. पहिलीनुसार बँक थकबाकीदाराला तुरुंगात धाडू शकते आणि त्याच्या घराला टाळे ठोकू शकते. दुसरीनुसार हे कर्ज विनातारण, म्हणजे काहीही गहाण न ठेवता घेतलेले असल्यामुळे बँकेला हात चोळत बसण्यापलीकडे काही करता येत नाही. पहिलीवर वसुली करणाऱ्यांचा धाक पोसला जातो, दुसरीवर विसंबणारा थकबाकीदार पुढे पस्तावतो. आणि दोन्ही चूक आहेत.

केवळ कर्ज थकणे हा भारतात गुन्हा नाही. फसवणूक सिद्ध होण्यासाठी कर्ज घेतानाच ते बुडवण्याचा हेतू असावा लागतो आणि नोकरी सुटल्यामुळे किंवा आजारपणामुळे भरणा थांबला, तर तसा हेतू मानता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्यास दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे हे खरे. परंतु निव्वळ असमर्थता त्यासाठी पुरेशी नाही, ऐपत असूनही अप्रामाणिकपणे केलेली टाळाटाळ दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे: थकबाकीपोटी दिलेला धनादेश किंवा खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्याची आज्ञा पुरेशा शिलकीअभावी परत गेली, तर फौजदारी कारवाई होऊ शकते. न्यायालयाच्या आदेशाविना घराचा ताबा घेण्याची धमकी तर निराधारच असते, कारण न्यायालयात न जाता मालमत्ता ताब्यात घेण्याचा २००२ च्या सरफेसी कायद्यातील अधिकार तारण असलेल्या कर्जांपुरताच आहे.

म्हणून बँक हतबल आहे असे मात्र नव्हे. ती थकबाकीची नोंद सिबिलसारख्या पत-माहिती कंपनीकडे पाठवते आणि पुढे गृहकर्ज मागताना तीच नोंद आड येते; त्याच बँकेत ठेव किंवा बचत खाते असल्यास करारातील अटींनुसार त्यातून रक्कम वळती करून घेऊ शकते; आणि दिवाणी दावा लावून हुकूमनामा मिळवू शकते. त्या हुकूमनाम्यावर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाली की पगारावर जप्ती येऊ शकते, पण तिलाही मर्यादा आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश यांना संहितेच्या कलम ६० चे संरक्षण असते. म्हणजे जप्तीयोग्य पगार ४०,००० रुपये असेल, तर त्यातले २७,००० सुरक्षित राहतात आणि महिन्याला जास्तीत जास्त १३,००० कापले जाऊ शकतात. ऋणकोने जगावे आणि धनकोलाही आपले मिळावे, ही दृष्टी या हिशेबात आहे.

धाकाशिवाय वसुली होणार कशी आणि बुडव्यांचा भार प्रामाणिक ग्राहकांनी का सोसावा, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण तो भार आधीच व्याजात धरलेला असतो. अनेक कार्डांवर थकीत रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक व्याज लागते आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे. जोखमीचे मोल वसूल करणाऱ्याला वर दांडगाईचा अधिकार मागता येत नाही. वसुलीसाठी गुंड वापरण्याचा निषेध सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच केला. २०२२ च्या निर्देशांनी रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यास, तसेच कुटुंबीयांना व मित्रांना त्रास देण्यास मनाई केली. कार्यालयात फोन करून वरिष्ठांसमोर थकबाकीचा पाढा वाचणे ही वसुली नव्हे, ती बेअब्रू आहे.

दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते, पण त्या काळात कर्जाची लेखी कबुली दिली किंवा नोंद राहील अशी थोडी रक्कम भरली, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून दबावाखाली काहीही लिहून देण्याआधी थकबाकीदाराने विचार करावा. त्रास झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. न्यायालयाचे समन्स आले, तर मात्र ते बाजूला टाकू नये. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि व्याजाच्या हिशेबावर हरकत घेण्याची किंवा हप्ते मागण्याची संधी हातची जाते.