निळा थेंब पुरत नाही

पांढऱ्या कागदावर एक निळा थेंब आणि खाली '२० मार्च १९२७'. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षं होतात. त्यासाठी पोस्टर करायला सांगितलं, की तरुण डिझायनर हमखास हेच घेऊन येतात. दिसतं देखणं. पण तारीख झाकली तर तेच पोस्टर जागतिक जलदिनाला चालतं, वॉटर प्युरिफायरच्या जाहिरातीलाही चालतं.

मी याच धंद्यातला. वर महापुरुष आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे, अशा फ्लेक्सना मीही विटलोय. पण मोकळी जागा सोडायची तर आपण काय काढलं याचा हिशेब हवा. थेंबात पाणी उरलं आणि भांडण गेलं. महाडचा प्रश्न पाणीटंचाईचा नव्हताच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि गावातल्या सवर्णांनी दही, दूध, शेण, गोमूत्र अन् १०८ घागरी वापरून तळं 'शुद्ध' केलं. १९२७ च्याच ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

म्हणून माझ्या लेआउटमध्ये थेंब नाही. बारा रांगा, रांगेत नऊ, अशी १०८ काळी मडकी आहेत, रबरी शिक्का मारत जावं तशी एकसारखी. खाली एका मडक्याएवढीच निळी ओंजळ. शताब्दीच्या समितीतले एक काका म्हणाले, "त्यांची घाण आपण कशाला मिरवायची?" प्रश्न रास्त आहे. पण नुसत्या ओंजळीत दिसतो तो तहानलेला माणूस. तिच्याविरुद्ध केवढा खटाटोप झाला, हे मडकी सांगतात.

तळाशी तारखा दोन आहेत. दुसरी १७ मार्च १९३७. तळ्याच्या हक्कावरून चाललेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो दिवस, म्हणजे ओंजळीनंतर जवळपास दहा वर्षांनी. ही तारीख सहसा कुणी छापत नाही. ती आणखी मोठ्या टायपात घ्यावी का, यावर समितीत अजून वाद चालू आहे. प्रायोजकांचे लोगो मात्र येणार नाहीत, एवढं मी आधीच लिहून घेतलंय.