चालत्या यंत्राचे स्थलांतर

माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक महिला निरक्षर म्हणून आधीचा अर्ज नाकारला गेला होता. त्या अक्षरे शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारी गेल्या. अशा कष्टाने मिळविलेला विश्वास आज वहीत नव्हे, संगणकात नोंदला जातो. लहान बँकांचे संगणक बहुधा दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतात. तेथे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे नांदतात आणि व्यवहार न थांबविता दुसऱ्या सर्व्हरवर हलविली जातात.

रीत अशी : यंत्र चालू असतानाच त्याची स्मृती पलीकडे उतरविली जाते, दरम्यान बदललेली पाने पुन्हा धाडली जातात आणि थोडेच उरले की यंत्र क्षणभर थांबून पलीकडे जागे होते. पाने जाळ्याच्या वेगाहून झपाट्याने बदलली तर हे काम संपतच नाही. २००९ साली हाइन्स, देशपांडे व गोपालन यांनी उलट क्रम मांडला : यंत्र आधी, स्मृती मागाहून. वेळ वाचतो, पण जोडणी तुटली तर अर्धी स्मृती इकडे, अर्धी तिकडे!

वेगाची चिंता अभियंत्यांनी वाहावी. २००८ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले, की झेन व व्हीएमवेअर या प्रणालींत ही स्मृती उघडीच जात होती, वाटेत बदलताही येत होती. ती कूटबद्ध करण्याची सोय आज क्यूईएमयूसारख्या मुक्त प्रणालीतही आहे; त्यासाठी परकीय कंपनीची मर्जी राखावी लागत नाही. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. परंतु देशातल्या देशात उघड्यावरून नेलेली माहिती केवळ स्वदेशी म्हणून सुरक्षित ठरत नाही. सहकारी बँकांच्या संचालकांनी पुरवठादाराशी करार करताना कूटबद्ध स्थलांतराची अट लेखी घालावी आणि वार्षिक तपासणीत तिचा पुरावा मागावा.