अग्निबाण उडविण्याची परीक्षा

अमरावती-अकोल्याच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी स्वहस्ते बनविलेला अग्निबाण सोडण्याची परवानगी मागितली, की प्राचार्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी अगदीच अनाठायी नाही. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाने 'रॉकेट' आतषबाजीच्या पंक्तीत बसविले असून त्यातील द्रव्य परवान्याविना बनविणे गुन्हा आहे. परंतु नुसत्या नकाराने हौस मरत नाही. ती वसतिगृहाच्या खोलीत शिरते आणि तेथे इंधन कालविण्याचा खटाटोप सुरू होतो. नागपूरजवळ बाजारगाव येथील परवानाधारक कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या स्फोटाने ९ कामगारांचा बळी घेतला. जेथे कारखान्याची ही कथा, तेथे खोलीतल्या पोराची काय मातबरी!

अमेरिकेपुढे हाच प्रश्न १९५० च्या दशकात उभा होता. त्याचे उत्तर शोधले नेब्रास्कातील एका पादत्राणांच्या दुकानदाराने. ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास पुन्हा उडविता येणारा हलका अग्निबाण घडविला. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये त्यावर संघटना उभी केली. सूत्र एवढेच, की मुलाने अग्निबाण बांधावा, इंधन मात्र कारखान्याने भरावे. आज तेथे मोठ्या अग्निबाणांसाठी तीन पायऱ्या आहेत. पहिलीत ६४० न्यूटन-सेकंदांपर्यंतची मोटर. दुसरीत ५,१२० पर्यंतची, आणि शिवाय लेखी परीक्षा. तिसरीत आराखडा जाणकारांकडून आधीच तपासून घ्यावा लागतो. अग्निबाण छत्रीच्या आधाराने धडधाकट परत आला, तरच उमेदवार उत्तीर्ण! गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे का हवा, हे फळ्यावर शिकविणाऱ्या शिक्षकास यापरते प्रात्यक्षिक कोणते?

आपल्याकडे 'इन-स्पेस'ने २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांचे अग्निबाण उडवून घेतले. उपक्रम स्तुत्य, पण वर्षातून एकदा, हजार किलोमीटरांच्या आसपास दूर. वस्तुतः स्फोटक-सुरक्षा संघटनेचे मुख्यालयच नागपुरात, अमरावतीपासून सुमारे १५० किलोमीटरांवर आहे. तिने विदर्भातील महाविद्यालयांसह परीक्षक मंडळ नेमावे, तयार मोटरी परवानाधारक कोठारात ठेवाव्यात आणि उड्डाणाच्या दिवशीच हाती द्याव्यात. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. तेव्हा मैदान त्यांच्या मार्गापासून दूर हवे आणि विमानतळास पूर्वसूचनाही हवी. वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या शेजारी तर नकोच. एका ठिणगीत शेजाऱ्याचे शेत जायचे. नांगरलेले काळे रान मिळाले, तर पहिली परीक्षा येत्या हिवाळ्यातही घेता येईल.