स्वस्त घर नकाशावर ठरतं!

मोठ्या लेआउटमध्ये 20 टक्के जागा छोट्या घरांसाठी ठेवायचा नियम राज्यात आहे. पण तो 10 लाख लोकसंख्येच्या महापालिकांपासून पुढं. 2011च्या जनगणनेत नांदेडच साडेपाच लाखांचं; मग अर्धापूरची नगरपंचायत कुठं बसणार? म्हणून परवडतो तो गुंठेवारीचा प्लॉट, आणि पुढं परवाना अन् बँकेचं कर्ज, दोन्ही अडतं.

मार्ग आहे. 1966च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की 30 दिवसांत हरकती-सूचना देता येतात. नकाशात पिवळा पट्टा रहिवासाचा, हिरवा शेतीचा. तो नीट बघा, वस्तीतल्यांना समजावून सांगा. छोट्या घरांसाठी आरक्षण मागा. लेखी मागा, पोच घ्या. सुनावणी अर्जावर होते, व्हॉट्सॲप स्टेटसवर नाही!