मालिकेला नायिका जिवंत लागते

समलिंगी स्त्रीची शोकांतिका आपल्या गंभीर वाचकांना चालते. तिची रहस्यकथा चालत नाही. कॅथरीन फॉरेस्ट यांच्या केट डेलाफिल्ड मालिकेचे नाव काढले की ‘वेळ घालवायला ठीक’ एवढे म्हणून मंडळी मोकळी होतात. कोणी उदार झालाच तर तिला सामाजिक दस्तऐवज ठरवतो. म्हणजे उपयुक्त म्हणायचे, रंजक मात्र म्हणायचे नाही. आम्हाला दोन्ही शेरे अमान्य आहेत. आम्ही या कादंबऱ्या चवीने वाचल्या, आणि ती चव आम्हाला लपवावीशी वाटत नाही.

अशा नायिकेचे एरवी काय होत आले? १९५२ साली व्हिन पॅकर या टोपणनावाने आलेल्या ‘स्प्रिंग फायर’ला प्रकाशकानेच सुखान्त नाकारला, टपाल खाते पुस्तके अडवील ही त्याची भीती. तेंडुलकरांवर अशी सक्ती नव्हती, तरी ‘मित्राची गोष्ट’मधली (१९८१) मित्रा आत्मघातच करते. नाटक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु थोरवीला प्रत्येक वेळी हाच बळी का लागावा?

मालिकेचा व्यवहार निराळा. पुढच्या पुस्तकासाठी नायिका जिवंत लागते! या बाजारू गरजेनेच केटला जे दिले ते अभिजात साहित्याने क्वचित दिले: वय. १९८४ सालच्या ‘अमॅच्युअर सिटी’त ती लॉस एंजेलिस पोलिसांत खुनांचा तपास करते. तिची सहचरी अ‍ॅन नुकतीच मोटार अपघातात गेली आहे, आणि कचेरीत त्याचे सुतक पाळण्याचीही सोय नाही. ‘मर्डर अ‍ॅट द नाइटवुड बार’मध्ये (१९८७) ती समलिंगी स्त्रियांच्या बारमध्ये तपासाला जाते. तिथल्या बायका तिला ओळखतात, पण पोलीस म्हणून तिच्यावर विश्वास टाकत नाहीत. ‘मर्डर बाय ट्रॅडिशन’मध्ये (१९९१) एका समलिंगी पुरुषाचा मारेकरी स्वसंरक्षणाचा कांगावा करतो, आणि त्याला गजाआड धाडू पाहणाऱ्या केटला स्वतःचेच गुपित भर न्यायालयात फुटण्याची धास्ती आहे. इतरांची गुपिते उकलणे हा जिचा पेशा, तिचे हे एक गुपित पुस्तकामागून पुस्तक तसेच राहते. खुनाचा उलगडा शेवटच्या पानांत होतो. याचा होत नाही. एकाच कादंबरीत हे दाखवता आले असते, असे म्हणणाऱ्यांनी ते करून दाखवावे. वर्षानुवर्षे तोंड मिटून राहण्याचा शीण वाचकाला जाणवायचा तर वाचकाचीही काही वर्षे जावी लागतात.

संवाद कुठे कुठे सपाट आहेत, आणि खुनी कोण हे आम्ही दोन-तीनदा आधीच ताडले. असो. बाबूराव अर्नाळकरांना नाके मुरडणाऱ्या समीक्षेकडून याहून वेगळी अपेक्षा आम्ही करीत नाही. त्यांना वाचक मिळाले ते या समीक्षेला न विचारताच. ‘हाय डेझर्ट’मध्ये (२०१३) केट निवृत्त झालेली आहे, दारूच्या आहारी गेलेली आहे, एकाकी आहे, चिडखोर आहे. आणि जिवंत आहे. पुढे तिचे काय होते, एवढेच आम्हाला हवे होते.